डाकेच्या थैलीभोवतीचे राजकारण

तलाठी बाहेरून येतो, ग्रामसेवक बाहेरून येतो, गुरुजी बदलीने येतात आणि बदलीनेच जातात. गावातल्या माणसाने गावात राहून, घरचे खाऊन करावे असे सरकारी काम म्हणजे पोलीस पाटील, कोतवाल, अंगणवाडी सेविका, आणि पोस्टमास्तरच्या हाताखालचा माणूस. कुणी त्याला रनर म्हणते, कुणी ईडी पोस्टमन, कुणी नुसतेच ‘पोस्टातला’. कागदावर काम चार-पाच तासांचे आणि मोबदला वर्षानुवर्षे तुटपुंजा. तरीही ही जागा रिकामी झाली की गावात बैठका होत, शिफारसपत्रे निघत, तक्रारअर्ज जात आणि एका घराचे दुसऱ्या घराशी बोलणे बंद होई. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या डोंगराळ तालुक्यांत हे का घडे हे समजून घ्यायचे, तर डाकखात्याच्या दीडशे वर्षांच्या एका जुन्या तडजोडीपासून सुरुवात करावी लागते.

१८५४ साली टपालाचा नवा कायदा झाला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून साऱ्या हिंदुस्थानात अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. त्याच वर्षी आगगाडी कल्याणला पोचली, पुढच्या वर्षी वासिंदला आणि १८६१ मध्ये कसाऱ्याला. शहापूर तालुक्याला रेल्वे आणि मुंबई-आग्रा रस्ता असे दोन्ही मार्ग लाभले. मुरबाडच्या वाट्याला रेल्वे आली नाही. तिथली डाक कल्याणहून रस्त्यानेच यायची आणि माळशेज घाटाच्या अंगाने टोकावड्यापर्यंत जायची. पण दोन्ही तालुक्यांत खरी अडचण मुख्य रस्ता सुटल्यावरच सुरू व्हायची. डोळखांब, किन्हवली, धसई, म्हसा या बाजारगावांच्या पलीकडे डोंगराच्या पोटात विखुरलेल्या वाड्या आणि पाडे आहेत. काळू, शाई, भातसा या नद्या चार महिने वाटा अडवून धरतात. एवढ्या आडवळणी पगारी पोस्टमास्तर आणि पोस्टमन नेमणे सरकारच्या तिजोरीला मानवणारे नव्हते.

तेव्हा खात्याने गावातल्या शिकल्यासवरल्या माणसाला हाताशी धरले. शाळामास्तर, दुकानदार, जमीनदार अशा माणसाकडे टपालाचे काम जोडधंदा म्हणून सोपवायचे आणि महिन्याला काही भत्ता द्यायचा. मुंबई इलाख्याच्या जुन्या जिल्हा गॅझेटियरांत शाळामास्तरच्या ताब्यातली शाखा डाकघरे जागोजागी आढळतात. पुढे याच व्यवस्थेला ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’, म्हणजे खात्याबाहेरची, असे नाव पडले आणि लोकांच्या तोंडी ‘ईडी’ हा शब्द रुळला. खात्याची कल्पना अशी की या माणसाचे पोट दुसऱ्या उत्पन्नावर चालते, टपालाचे काम तो फावल्या वेळात समाजसेवा म्हणून करतो. म्हणून त्याला पगार नाही, भत्ता. पेन्शन नाही. बढतीची आशाही फारशी नाही.

हे स्वस्तातले काम खात्याला परवडले, पण त्यातून गावातल्या सत्तेचा एक नवा धागा विणला गेला. ज्याच्याकडे आधीच दुकान, जमीन किंवा शाळा होती त्याच्याच हाती डाकेची थैलीही आली.

त्या थैलीत काय असे ते जवळून पाहू. उपडाकघरातून लाखेचा शिक्का मारलेली कॅनव्हासची थैली निघायची. बरीच वर्षे ती एसटीच्या गाडीतून फाट्यापर्यंत यायची आणि तिथून माणसाच्या खांद्यावरून शाखेपर्यंत. शाखा म्हणजे बहुधा पोस्टमास्तरच्या राहत्या घराची ओटी. एक टेबल, कुलपाची पेटी, तराजू, तारखेचा शिक्का. थैली फोडली की सोबतच्या चिठ्ठीशी रोकड, रजिस्टर पत्रे आणि मनिऑर्डरी ताडून पाहायच्या, पत्रांवर शिक्का उठवायचा आणि वाटपाचा माल मदतनिसाच्या हाती द्यायचा. तो पाडे फिरून येई आणि संध्याकाळी सही-अंगठ्याची कागदे परत करी. मनिऑर्डर घेणाऱ्याला लिहिता येत नसेल तर अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही लागे. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीत एके काळी लिहिता येणारा माणूस शोधून सापडत नसे. साक्षीदारही मग गावठाणातलाच. पैसे देणारा गावठाणातला आणि दिल्याची साक्ष ठेवणारा गावठाणातला, अशा व्यवहारात अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हातात पूर्ण रक्कम पडली की नाही, हे मेल ओव्हरसियर कधी तपासणीला येऊन तिला विचारील तेव्हाच कळायचे.

दुसरी गोष्ट रजिस्टर पत्राची. कोर्टाची नोटीस, बँकेची नोटीस, जमिनीच्या दाव्यातले कागद टपालाने येतात. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की नोटीस पोचली असे कायदा सहसा धरून चालतो. ‘सदर इसम गावी नाही’ असा शेरा पडला की तारीख पुढे जाते. हा शेरा लिहितो तो पोस्टातला माणूस. भाऊबंदकीचे दावे चालू असलेल्या गावात हा माणूस कोणत्या भावकीचा आहे, याला किती महत्त्व येत असेल ते सांगायला नको. नोकरीचे मुलाखतपत्र किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र चार दिवस उशिरा मिळाले तर एखाद्या पोराचे वर्ष जाते. नेमणुकीवरून होणाऱ्या भांडणाचे मूळ या विश्वासाच्या प्रश्नात आहे, आणि म्हणून मी त्या भांडणाला क्षुल्लक म्हणायला तयार नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात साधारण २३ हजार डाकघरे होती. आज ती दीड लाखाच्या वर आहेत आणि त्यांतली सुमारे नव्वद टक्के खेड्यांत आहेत. ही सारी वाढ मुख्यतः ईडी माणसांच्या जोरावर झाली. याच काळात महाराष्ट्रातल्या गावाचा राजकीय सांगाडा पालटत होता. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या, पाटलाचे वंशपरंपरागत वतन गेले आणि १९६७ च्या कायद्यानंतर पोलीस पाटील नेमणुकीने येऊ लागला. वतन गेले तरी मानाची ओढ जात नाही. गावातल्या प्रत्येक लहान-मोठ्या जागेसाठी गट उभे राहू लागले. प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे नोकर होऊन बदलीच्या चक्रात आले, त्यामुळे मास्तरच पोस्टमास्तर ही जुनी सोयही डळमळीत झाली. बदली झाली की डाकघर कोणाच्या ओटीवर जायचे, हा प्रश्न उभा राहायचा.

या सगळ्या जागांत पोस्टाची जागा वेगळी. तिच्यावर सरपंचाचा हात नाही, सभापतीचा नाही, तहसीलदाराचाही नाही. खाते केंद्राचे. शाखा पोस्टमास्तरला नेमायचा अधीक्षक आणि त्याच्या मदतनिसाला, म्हणजे पत्रे वाटणाऱ्या किंवा थैली वाहणाऱ्या ईडी माणसाला नेमायचा उपविभागाचा इन्स्पेक्टर. पोस्टमास्तरची नेमणूक जिल्ह्याच्या ठिकाणी होई, तिथवर गावाचा आवाज क्वचितच पोचे. मदतनिसाची नेमणूक करणारा इन्स्पेक्टर मात्र तालुक्यात फिरणारा, भेटणारा, चहाला थांबणारा अधिकारी. त्यामुळे दबावाचा भार सगळा त्याच्यावर. सरपंचाचे पत्र, पंचायत समितीच्या सदस्याचे पत्र, आमदाराचा निरोप. बाहेरून वजन आणू नये असे वर्तणुकीचे नियम सांगत होते, आणि तरीही ते आणले जाई.

१९६४ साली ईडी माणसांसाठी स्वतंत्र सेवा-नियम झाले. हे नियम आणि त्यांच्या अनुषंगाने वेळोवेळी निघालेली परिपत्रके नीट वाचली तर अन्याय कुठून शिरतो ते दिसते. उमेदवार त्याच गावचा हवा, हे ठीक. पोस्टमास्तरने डाकघरासाठी स्वतःची जागा द्यायची. त्याला उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे. १९९३ च्या एका परिपत्रकानंतर तर पोस्टमास्तरच्या जागेसाठी उत्पन्न आणि मालमत्ता स्वतःच्या नावावर हवी, वडिलांच्या नावावरची चालणार नाही, असा अर्थ घेतला गेला. सातबाऱ्यावर नाव हवे म्हणून घरोघरी हक्कसोड आणि वाटणीची कागदे होऊ लागली.

आता ही अट शहापूर-मुरबाडच्या वाडीवर लावून पाहा. इथला कितीतरी आदिवासी शेतकरी जंगलातली एकसाली प्लॉटची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसत आला. पेरणी त्याची, पीक त्याचे, सातबाऱ्यावर मात्र नाव वनखात्याचे. कातकऱ्याच्या घराखालची जागादेखील पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीची. कारवीच्या कुडाच्या घरात कुलपाची पेटी आणि सरकारी रोकड ठेवायला कोणता इन्स्पेक्टर मान्यता देणार? दहावी झालेला एखादा ठाकूर मुलगा वाडीत निपजला तरी पोस्टमास्तरकीच्या शर्यतीतून तो पहिल्याच वळणावर बाद. उरला मदतनीस. डोंगर चढायचा, ओढे ओलांडायचे, थैली वाहायची. पण त्या जागेवरही गावठाणातल्या गटांचा डोळा होताच.

अशा भांडणांची रीत मोठी ठरीव असे. पोस्टातला माणूस आजारी पडला किंवा रजेवर गेला की स्वतःच्या जबाबदारीवर बदली माणूस द्यायचा, असा नियम होता. बदली म्हणून मुलगा किंवा पुतण्या येई. वर्ष-दोन वर्षे तो काम करी. मूळ माणूस निवृत्त झाला की ‘इतकी वर्षे आम्हीच काम केले’ असा दावा पुढे येई. दुसरा गट म्हणे की हा बदली माणूस, याचा हक्क काय? मग नावे सेवायोजन कार्यालयाकडून मागवली जात. नाव तिथे नोंदवलेले असणे आणि ते वेळेवर पुढे येणे हीच मोठी लढाई होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या एका खटल्यात सांगितले की केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर विसंबू नये, जाहीर सूचनाही द्यावी. त्यानंतर गावाच्या फळ्यावर सूचना लागू लागली, आणि ती खरोखर लागली का, लागून किती दिवस राहिली, यावर नवे वाद सुरू झाले.

नेमणूक झाली तरी प्रकरण मिटत नसे. हरलेला गट अर्ज करी की उमेदवार गावात राहत नाही, दाखला खोटा आहे, मनिऑर्डरीचे पैसे उशिरा दिले. नियमांत एक भयंकर हत्यार होते. चौकशी होईपर्यंत ईडी माणसाला कामावरून दूर ठेवता येई आणि त्या काळाचा एक पैसाही त्याला मिळत नसे. तीन वर्षांच्या आतली सेवा असेल तर नोटीस देऊन काढूनही टाकता येई. म्हणजे एक तक्रारअर्ज आणि एक अनुकूल अहवाल एवढ्या बळावर जागा रिकामी. काढलेल्या माणसाने दाद कुठे मागायची? खाते म्हणे, हा सरकारी नोकर नाहीच, हा आमचा एजंट आहे.

ही भूमिका मोडली ती २२ एप्रिल १९७७ रोजी. केरळातल्या पी. के. राजम्मा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला. केरळ, आंध्र आणि ओडिशातली अशी अनेक प्रकरणे एकत्र करून सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ईडी माणूस खात्याच्या नियमित सेवेबाहेरचा असला तरी तो शासनाखालचे नागरी पद धारण करतो. घटनेच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण त्याला आहे आणि बाजू मांडायची संधी न देता त्याला काढता येणार नाही. न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी लिहिलेल्या या निकालाने डोंगरातल्या थैलीवाल्याला पहिल्यांदाच कायद्याचा आधार मिळाला. १९८५ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झाले आणि ही प्रकरणे मुंबईच्या खंडपीठापुढे जाऊ शकली. कामावरून दूर ठेवलेल्या काळात थोडाफार भत्ताही पुढे मिळू लागला. राजम्मा निकालाचे मोल मला फार वाटते, कारण त्यानंतर अन्याय करायचा तर निदान कारण लिहून द्यावे लागले.

पोस्टाची जागा आणि गावचे राजकारण यांची गाठ आपल्याच मातीत पडली असे समजू नये. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सत्ता बदलली की खेड्यापाड्यांतले पोस्टमास्तर बदलत. १८८५ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या राजवटीत ॲडलाय स्टीव्हन्सन या अधिकाऱ्याने सुमारे ४० हजार पोस्टमास्तर घरी बसवले आणि १८८९ मध्ये रिपब्लिकन आले तेव्हा क्लार्कसन नावाच्या त्यांच्या माणसाने तोच कित्ता गिरवला. सरकारी जागा न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर दोन वर्षांनी गुणवत्तेवर नेमणुकांचा कायदा झाला, तरी पोस्ट राजकारणातून पूर्ण सुटायला तिथे १९७० उजाडले. आपल्याकडे पक्षांनी अशी घाऊक उचलबांगडी कधी केली नाही, ही जमेची बाजू. आपल्याकडचा संघर्ष गावकीचा आणि भावकीचा राहिला.

ईडी माणसांच्या मोबदल्यासाठी समित्या बसतच राहिल्या. १९८६ ची सवूर समिती, १९९७ ची न्यायमूर्ती तलवार समिती. २००१ मध्ये नवे नियम आले आणि ‘ईडी’ जाऊन ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव आले. यानंतर काही वर्षांतच शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांत पोस्टाचे वजन एकदम वाढले, कारण रोजगार हमीची मजुरी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यातून देण्याचे ठरले आणि जिथे बँक वीस किलोमीटरवर तिथे पोस्टच जवळचे. पेन्शन, निराधारांचे अनुदान, मजुरी असे सगळे त्या ओटीवर येऊन ठेपले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब कोणत्या भट्टीवर आहे हे ज्याला ठाऊक, असा मदतनीस असला तर त्यांचे पैसे परत जात नाहीत. ठाऊक नसलेला माणूस नियमाप्रमाणे वाट पाहतो आणि परत पाठवतो. त्यात त्याचा दोष काढता येत नाही, पण नुकसान व्हायचे ते होतेच.

२०१६ मध्ये कमलेश चंद्र समितीने अहवाल दिला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २२ मे २०१८ पासून देशभरचे डाक सेवक संपावर गेले. सोळा दिवस खेड्यांतले टपाल थांबले आणि ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढीव मोबदल्याला मंजुरी दिली. ३ लाख ७ हजार सेवकांना लाभ होईल असे सरकारने जाहीर केले. मदतनिसाला ‘सहायक शाखा पोस्टमास्तर’ हे पद मिळाले. चार तासांच्या कामाला त्याला किमान १० हजार रुपये ठरले, पाच तासांच्या कामाला १२ हजार, आणि त्यावर महागाई भत्ता. मालमत्तेची अट त्याआधीच सैल होऊ लागली होती. आणि निवड ऑनलाइन झाली. दहावीचे गुण भरायचे, यादी वरून लागते. इन्स्पेक्टरला भेटून उपयोग नाही, पत्र आणून उपयोग नाही.

वशिला गेला याचे मला मनापासून समाधान आहे. ज्या पोराच्या मागे कुणी नाही त्याला आता कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. पण एक दार उघडताना दुसरे बंद झाले. २०१९ च्या जाहिरातीत महाराष्ट्रासाठी ३,६५० जागा होत्या आणि अर्ज राज्यातून, राज्याबाहेरूनही येऊ शकत होते. दहावीला स्थानिक भाषा शिकलेली असावी आणि निवडीनंतर त्या भागात राहायला यावे, एवढीच स्थानिकतेची अट. नव्वदीच्या पुढच्या गुणांच्या या चढाओढीत डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूच्या आश्रमशाळेतली मुलगी कशी टिकणार? जागा राखीव असली तरी स्पर्धा सबंध राज्यातल्या उमेदवारांशी. दूरच्या जिल्ह्यातला हुशार मुलगा निवडला जातो, इथे येतो आणि वाड्यांची नावे पाठ होण्याआधीच बदलीच्या मागे लागतो. त्याचेही चुकत नाही. घरापासून तीनशे किलोमीटरवर एवढ्याशा मोबदल्यात खोली घेऊन राहणे कुणाला परवडेल?

शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीतले क्षेत्र आहे. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राच्या राज्यपालांनी अशा क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, पोलीस पाटील, शिक्षक यांसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. पोस्ट केंद्राचे, म्हणून डाक सेवक त्या यादीत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या शिक्षक भरतीचे शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवले, तेव्हा तो मार्ग सरसकट मागता येणार नाही. मात्र त्याच शाखेच्या वाटप-क्षेत्रात शिकलेल्या आणि राहणाऱ्या उमेदवाराला गुणांत काही भार देणे खात्याच्या हातात आहे आणि ते त्याने करावे. वशिला परत न आणता ओळख परत आणण्याचा दुसरा उपाय मला दिसत नाही.

तोवर एक काम आपण करू शकतो. डाक सेवकाच्या भरतीची जाहिरात साधारण दर वर्षी निघते आणि तिच्यात शाखेचे नाव, पद आणि प्रवर्ग वेगवेगळा दिलेला असतो. पात्रता दहावी, सायकल चालवता येणे आवश्यक, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना व महिलांना अर्जाचे शुल्क नाही. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांतल्या शिक्षकांनी, ग्रामसभेच्या सदस्यांनी आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या शाखांची नावे त्या यादीत शोधावीत आणि दहावी झालेल्या मुला-मुलींचे अर्ज मुदतीत भरून घ्यावेत.